बुधवार कुठे गेला?

"बाई, बुधवार कुठे गेला?" लोपीस सरांनी विचारलं आणि माझं वाचन तिथेच थांबलं.

वसईजवळच्या गास गावात त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांच्याच पुस्तकाचं शेवटचं प्रूफ मोठ्याने वाचत होते. मी प्रूफरीडर, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारी. एरवी लेखक स्वतः वाचून सही करतो. सर निवृत्त शिक्षक. डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून मी गेले होते. रविवारी त्यांच्या पत्नीच्या पुण्यतिथीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती आणि तिथेच पुस्तक वाटायचं होतं. घाईत प्रेसमध्ये छपाईच्या प्लेटाही काढून झाल्या होत्या.

पुस्तकाचा विषय असा, की येशूचे प्रेषित गेल्यावर पुढच्या पिढ्यांतले ख्रिस्ती लेखक काय मानत होते. मी मालवणची, राहते वसईच्या एव्हरशाईन सिटीत. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काहींची खात्री होती, येशू परत येऊन याच पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करणार. काहींना ते मुळीच मान्य नव्हतं. एकजण म्हणतो, बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप केलं तर पश्चात्तापाची संधी एकदाच. अशा प्रत्येक जागी मी आधीच्या प्रुफात समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. त्याला क्वेरी म्हणतात. उत्तर लेखक देतो, आपण मजकुराला हात लावायचा नाही.

एका जागी मात्र लावला. 'बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करावा.' बुधवारी? अहो, बुधवार म्हणजे आमच्याकडे हक्काचा बांगडा! शेजारच्या कॅथलिक वहिनी शुक्रवार पाळतात, तेवढं मला ठाऊक. म्हटलं, सरांची नजरचूक झाली. शुक्रवार ठेवला, बुधवार उडवला. साधी क्वेरीसुद्धा काढली नाही.

"चूक वाटली सर, म्हणून मीच काढला," मी म्हटलं.

सर म्हणाले, "माझी बायको जन्मभर बुधवार धरायची. तिच्या आजीपासून चालत आलेलं. दुपारचं आपलं ताट शेजारच्या म्हातारीला नेऊन द्यायची. लोक हसायचे, हे कुठल्या धर्मातलं म्हणून. मीही हसलो हो. ती गेल्यावर हे जुने लेखक वाचायला घेतले, आणि बुधवार सापडला. त्या एका ओळीसाठी पुस्तक लिहिलं, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच प्रेसच्या मालकांना फोन लावला.

"परुळेकर साहेब, मशीन थांबवा."

"आता? अहो, कागद चढवलाय!"

"एक प्लेट नवी काढावी लागेल. चूक..."

सरांनी हात पुढे करून फोन मागून घेतला. "परुळेकर, मला एक शब्द घालायचाय. म्हाताऱ्याचा हट्ट समजा." माझं नावही काढलं नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना खरं काय ते सांगितलं आणि यथेच्छ बोलणी खाल्ली. प्लेट मात्र बदलली होती.

रविवारी मिस्सा झाल्यावर सर मला कबरीपाशी घेऊन गेले. नवी कोरी प्रत माझ्या हातात दिली. "ती ओळ वाचा. मोठ्याने." मी वाचली, बुधवारासकट. सर कबरीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना? तुझंच बरोबर होतं."

माझे डोळे भरून आले. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही. पुस्तकात जिथे काही कळत नव्हतं, तिथे मी नीट विचारलं होतं. जे कळतंय असं वाटलं, तिथेच माती खाल्ली.

बुधवारी बांगडा मी अजून खाते. पण प्रुफात बुधवार आला की आधी लेखकाला फोन करते.