बिडाच्या पाटीवरचे पांडव

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरचे पांडव मी उचलून आणले आणि वर खोटंही बोललो. उचलणं एक वेळ अजाणता झालं म्हणता येईल. खोटं मात्र पूर्ण शुद्धीत.

पाथरीला मी खताच्या दुकानात कामाला होतो. गावोगाव फिरून पत्र्याच्या नव्या पाट्या भिंतींवर ठोकायच्या, हे माझं एक काम. त्या फिरतीत जुन्या पाट्यांचा नाद लागला. निजामाच्या काळातल्या, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. वर उठावाची उर्दू-मराठी अक्षरं, एखादी बैलजोडी, खतानं पीक कसं डोलतं त्याचं कौतुक. कुणी तसली पाटी रांजणाखाली घातलेली असे, कुणी शेळ्यांच्या वाड्याला आडवी लावलेली. मी नवी रंगीत पाटी द्यायचो, जुनी घ्यायचो. दोघंही समोरच्याला फसवल्याच्या आनंदात. बायको म्हणायची, लोकांकडे पाहुणा उंबऱ्याला ठेचकाळतो, आपल्याकडे जाहिरातीला.

एकदा वालूरला बहिणीकडे जाताना वाटेत त्यांच्या रानात थांबलो. लिंबाखाली चुन्यानं माखलेली एक पाटी उभी होती. कडेचा पापुद्रा उडून उठावाचं एक अक्षर दिसत होतं. रानात कुणी नव्हतं. घरचंच रान, विचारायचं काय, असं म्हणून पाटी फटफटीला बांधली आणि बहिणीकडे न जाता तसाच माघारी वळलो. घरचंच होतं तर माघारी का वळलो, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

घरी रॉकेल आणि विटेचा तुकडा घेऊन घासायला बसलो. चुन्याचे थरावर थर निघाले. शेवटी शेतकरी, त्याची बायको, दोन बैल आणि खताचं पोतं असा सगळा संसार बाहेर आला. इतकी देखणी पाटी माझ्याकडे दुसरी नव्हती. ती कॉटखाली ठेवली.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, जवळ आली तशी बहीण, आमची अक्का, घरी आली. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात एसटी कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, तरी आली. येळवसेला आमच्याकडे रानात कडब्याची कोप, छोटी खोपटी, करतात आणि चुना दिलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. तिच्या सासऱ्यांना म्हणे भारी काळ्या रानात धड दगड मिळेनात, म्हणून त्यांनी ही पाटी उभी केली. आकृत्या पाच होत्या, भागलं. दरवर्षी वरून चुन्याचा एक हात. आता सासरे नव्हते आणि पांडवही नव्हते. शेजारच्या रानातल्या कुणीतरी माझी फटफटी पाहिली होती. सासूनं सुनेला विचारलं होतं, "तुजा भाऊ भाच्याला भेटाय येतो का आमचे देव न्यायला?" अक्कानं भरल्या घरात सांगितलं होतं, माझा भाऊ तसला न्हाई.

मला तिनं एकदाच विचारलं, "तू न्हाईस ना नेली?"

मी न्हाई म्हणालो. ती त्याच कॉटवर बसली होती.

समाधानानं चहा पिऊन ती गेली. मी कॉटखालची पाटी ओढून तिच्याकडे बघत बसलो. बायको म्हणाली, "पाटी देऊन या, न्हाईतर तुमीच जाऊन रानात उभे ऱ्हावा. चुना मी लावते."

येळवसेला पाटी घेऊन वालूरचं रान गाठलं. भावकी जमली होती, पूजा खोळंबली होती. मी पाटी कोपीत टेकवली. अक्काच्या सासूनं लग्न होऊन आल्यापासून पांडव चुन्यातच पाहिलेले. ती वाकून न्याहाळत राहिली.

"ह्यात भीम कोणचा?"

मी पोत्याकडे बोट दाखवलं.

"आन् ही लुगडं नेसलेली?"

"अज्ञातवासातला अर्जुन हाय त्यो," दाजी म्हणाले.

हशा पिकला. सासूही हसली आणि तिनं चुना मागवला. सुटलो, असं मला वाटलं. मग अक्काकडे लक्ष गेलं. ती आंबिलीचा माठ धरून खाली बघत उभी होती. पांडव परत आले होते, पण तिचा शब्द सगळ्यांसमोर खोटा पडला होता.

मी तिच्यापुढे गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"अक्का, तू विचारलंस तवा पाटी कॉटखालीच होती आन् मी न्हाई म्हणलो. तू माझ्यावर भरवसा ठेवलास, ह्यात तुजी काय बी चूक न्हाई. खोटा मी हाय. माफ कर मला."