‘कक्षा’साठी एक नवी कथा

दिघेकाका बाहेर जाताना रेडिओ चालू ठेवत. परतल्यावर घरात कुणीतरी बोलत असावं, एवढ्यासाठी. रिक्षावाल्याशी गुजरातीत घासाघीस करत आणि हरले की मराठीत पुटपुटत. वाचकाचं पत्र हात धुऊन उघडत. कुणाच्याही घरी खुर्चीच्या कडेवर बसत.

विश्वंभर दिघे रिफायनरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. कारेलीबागेतल्या फ्लॅटमधून ते ‘कक्षा’ नावाचं विज्ञानकथांचं त्रैमासिक काढत. अर्ध्या कथा जुन्या मासिकांतून निवडलेल्या, अर्ध्या नव्या. एम.ए. झाल्यापासून मी मुद्रितं तपासायला जात असे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात नवी कथाच आली नाही.

“सगळ्या जुन्या छापा ना,” मी म्हणाले.

“मग तो अंक कसला? संग्रहालय. एक तरी माणूस आज लिहितोय असं दिसायला हवं. नाहीतर बंद करतो.”

“खरंच?”

“तू लिही. साहित्यवाली ना तू?”

“आम्ही दुसऱ्यांच्या लिहिण्याला नावं ठेवतो, काका.”

ते हसले. पण अंक अडला तो अडलाच.

मग डभोईहून फोन आला. मागच्या अंकात सुभानराव पवारांची एक जुनी कथा घेतली होती. कित्येक वर्षांत त्यांचं काही छापून आलं नव्हतं. काकांनी सवयीने नावाआधी ‘कै.’ लावलं, वर चार ओळींची श्रद्धांजलीही लिहिली.

“मी कैलासवासी सुभानराव बोलतोय,” तिकडून आवाज आला.

काका ताडकन उभे राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “प्राची, मी माणूस मारलाय.”

रविवारी आम्ही बटाट्याचा ओलसर लीलो चिवडा घेऊन डभोईच्या बसमध्ये बसलो. सुभानराव चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. हात थरथरायचे.

“या, मारेकरी,” ते म्हणाले.

“फार मोठी चूक झाली. पुढच्या अंकात खुलासा छापतो.”

“खुलासा कशाला? नवी कथा छापा. लोकांना आपोआप कळेल. आणि श्रद्धांजली झकास होती हो. जिवंतपणी एवढं कुणी लिहिलं नव्हतं.” त्यांनी हात पुढे केले. “फक्त मी सांगणार, तुम्ही उतरून घ्यायची.”

त्यानंतर काका दर रविवारी डभोईला जाऊ लागले. समुद्रतळाशी वसलेल्या वस्तीची कथा होती. मी पुढचं विचारलं की म्हणत, “अंकात वाच.” अंक दिवाळीच्या आत निघणार होता.

सप्टेंबरात एका गुरुवारी शेजाऱ्यांचा फोन आला. “दिघेकाका गेले.”

“कुठे?” मी विचारलं.

पोस्टातून परतताना ते जिन्यात कोसळले होते.

रविवारी मी एकटी डभोईला गेले. सुभानराव ओट्यावर बसले होते.

“उशीर केला तुमच्या दिघ्यांनी. शेवट सुचलाय.”

मी सांगितलं. मी पेन काढलं. म्हटलं, मी लिहून घेते.

“नको. ते मध्येच अडवायचे. एवढ्या खोलीवर काच टिकणार नाही म्हणायचे. भांडून भांडून ठरायचं सगळं. तू भांडशील?”

मला काचेतलं काही कळत नाही.

काकांच्या अक्षरातली पानं माझ्याकडे आहेत. वस्तीच्या दाराशी बाहेरून कुणीतरी आलं आहे, इथवर कथा पोचली आहे. समासात काकांनी पेन्सिलीने लिहिलंय : पाण्याचा दाब किती, हिशेब करून बघणे.

तो हिशेब राहिला.