सोफेवाल्याचा राग

सोफेवाल्याशी बोलायचं तर त्याच्या तोंडातले खिळे संपेपर्यंत थांबावं लागे. चिमूटभर बारीक खिळे तो ओठांत धरी, जिभेनं एकेक पुढे सारी आणि हातोडीच्या लोहचुंबकी टोकानं उचलून खुर्चीच्या लाकडात ठोकी. गिऱ्हाईक घासाघीस करून दमलं की तोंड रिकामं करून म्हणे, "मंगळवारी मिळेल." आणि मंगळवारी खरंच मिळे, हे या धंद्यात नवलच.

पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. बायको मशीनवर खोळी शिवायची, आणि त्याच मशीनखाली चिंध्यांशी खेळत लेक मोठी झाली होती. तिला तो मुंगी म्हणायचा. आवाज नाही, हट्ट नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारणी आपल्या कार्ट्यांना तिचा दाखला देत, आणि सोफेवाला आतल्या आत फुलून जाई. त्याला वाटे, हे आपण कधी हात न उगारल्याचं फळ.

कारण त्यानं स्वतः भरपूर मार खाल्ला होता. त्याचा बाप हाताला येईल ते उचलायचा. पट्टा, पायताण, एकदा तर स्टुलाचा तुटका पाय. पण मारापेक्षा वाईट होतं ते त्याच्या आधीचं. बापाचा आवाज चढायला लागायचा, आणि तो चढेपर्यंत पोरानं भिंतीला पाठ लावून ठरवायचं, डोकं झाकावं की पोट. आवाज आणि मार यांची त्याच्या मनात तेव्हा जी गाठ बसली, ती पुढे सुटलीच नाही. लेक जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला हातात घेऊन त्यानं ठरवून टाकलं, हिच्यावर हात टाकायचा नाही. म्हणजे आवाज चढता कामा नये. तो चढू नये म्हणून माणसं काय करतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आपल्या अकलेनं उपाय काढला. राग आला की घरातून काढता पाय घ्यायचा.

दूध सांडलं, की हा चपला घालून बाहेर. गणितात दांडी उडाली, की बाहेर. एक शब्द नाही. पुलापर्यंत जायचा, बाजारातून फिरायचा, डोकं थंड झालं की परत यायचा, वर पोरीला खाऊ आणायचा. आपल्याइतका सोशिक बाप जगात नसेल असं त्याला वाटे. ज्यानं एवढा मार खाल्ला, त्यानं एवढी शाबासकी स्वतःला दिली तर कुणाचं काय जातं?

जात होतं ते पोरीचं. बायको एकदा बोललीही. "तुम्ही हिंडून मोकळे होऊन येता. ही तोवर खिडकीतून हलत नाही. घास घेत नाही."

"मी मारत तर नाही ना?" तो म्हणाला.

त्याच्या पाठीवरचे वण तिनं पाहिले होते. या उत्तरापुढे तिनं हात टेकले.

मग शाळेत कापडी बाहुल्यांचा खेळ ठरला, आणि राजाचा झगा मुंगीकडे आला. दुकानाच्या टेबलावर जांभळी मखमल पडली होती. कडेचा तुकडा उरलेलाच असणार, असं समजून तिनं कात्री चालवली. तो उरलेला नव्हता. एका वकीलबाईंच्या आरामखुर्चीची पाठ त्यातूनच निघायची होती. त्यात मखमलीची लव एकाच दिशेनं लावावी लागते, इकडचा तुकडा तिकडे जोडून भागत नाही. संध्याकाळी सोफेवाल्यानं कापड पसरलं आणि ते भगदाड पाहून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातले खिळे डबीत टाकून तो दाराकडे वळला.

दारात मुंगी उभी होती. त्याच्या चपला तिनं आधीच आणून ठेवल्या होत्या, जोडीनं, बाहेर तोंड करून. खुंटीवरचा शर्टही काढून हातात धरला होता.

"बाबा, तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "पण या हं. मी आता कशालाच हात लावणार नाही."

पोरगी चौकटीला पाठ लावून उभी होती. असं कोण उभं राहतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तिला कधी बोटही लावलं नव्हतं, आणि तरी ती नेमकी तिथंच येऊन पोचली होती. एवढी वर्षं आपण मार वाचवला आणि भीती तेवढी जशीच्या तशी हिच्या पदरात घातली, हे त्याला आता कळलं.

तो मागे फिरला आणि दुकानातल्या उघड्या स्प्रिंगांच्या सोफ्यावर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मला राग आलाय," तो म्हणाला. मग आवाज चढलाच. "न विचारता कात्री लावलीस कशी? गिऱ्हाइकाचं कापड ते! आता काय सांगू त्या बाईंना?"

मशीन थांबलं. बायको उठली, पण त्याचे दाबलेले हात बघून पुन्हा खाली बसली. मुंगीनं दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, चपला तिथंच होत्या, आणि बाबा हलत नव्हते. मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. ती ओरडली.

"विचारू कुणाला? चुकलं तर तुम्ही निघून जाता!"

"नाही जाणार," तो म्हणाला. "राग येईल, पण जाणार नाही."

"आणि माराल?"

"नाही. इथं बसून रागवेन."

पोरीनं नाक पुसलं. शर्ट खुंटीला लावला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर सोफ्याच्या कडेला टेकली.

"आईचा आरसा मांजरानं नाही फोडला," मग ती म्हणाली. "मी फोडला."

"मूर्खासारखी!" तो गरजला.

तिनं अंग चोरलं, त्याच्याकडे पाहत राहिली, आणि थोडी जवळ सरकून पुढचं सांगायला लागली. शाळेतल्या बाईंची खोटी सही. शेजारच्यांच्या कुंडीतलं रोप. पहिलीतली हरवलेली, म्हणजे फेकून दिलेली, पाटी. सोफेवाला हातांवर बसून एकेका गोष्टीवर रागावत होता, आणि आपली लेक एवढी बोलते हे पहिल्यांदाच ऐकत होता.