भावोजींनी लॅपटॉप तपासला

माझ्या भावोजींना, म्हणजे श्रीपादरावांना, संशयाचा रोग आहे असं मी म्हटलं की माझी बहीण कुंदा चिडायची. "रोग नाही रे बाळ, नोकरी आहे ती," म्हणायची. खरं होतं म्हणा. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ते तपासनीस होते. दुसऱ्याने केलेला माल हातात घ्यायचा, मापायचा आणि त्यात खोट शोधायची, बत्तीस वर्षं हेच. पास झालेल्या मालावर त्यांच्या नंबरचा शिक्का बसायचा, सत्तेचाळीस. पण फॅक्टरीचं गेट ओलांडल्यावर माणसाने तपासणी थांबवावी की नाही? यांनी ती बदलापूरला, बेलवलीच्या घरापर्यंत आणली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मला मान्य आहे. पण यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं.

कुंदाला बघायला आले तेव्हा पोह्यांना हात लावण्याआधी त्यांनी तिची मॅट्रिकची मार्कशीट मागितली आणि उजेडावर धरून पाहिली. "मुलगा बारकाईने बघणारा आहे," असं वडील आत येऊन कौतुकाने म्हणाले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि मला तो माणूस मुळीच आवडला नाही.

लग्नात आलेल्या भांड्यांवर सगळेच नावं घालून घेतात. भावोजींनी बाजारातून एक टोकदार कोरणी आणली आणि छत्रीच्या दांड्यावर, सायकलच्या पंपावर, इस्त्रीच्या बुडावर सत्तेचाळीस कोरून ठेवलं. रेडिओ दुरुस्तीला द्यायचा तर आधी तो उघडून आतल्या भागांवरही. "दुकानदार चांगले पार्ट काढून घेतात आणि जुने बसवतात, तुला नाही कळायचं." मला कळत होतं. तसे दुकानदार होतेही. पण सगळेच तसे नव्हते, आणि हे भावोजींना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सत्त्याण्णव साली कुंदाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. त्यांची एकुलती एक मुलगी पद्मजा ठाण्याची चांगली नोकरी सोडून आईजवळ बसली. सव्वीस वर्षांची पोर, दिवसभर चार भिंतींत. मला तिच्याकडे बघवत नसे. अशात अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने तिला काम देऊ केलं. यंत्रांची माहितीपुस्तकं घरी इंग्रजीत टाइप करायची आणि फ्लॉपीवर द्यायची. पहिलं पुस्तक तीन आठवड्यांनी, सोमवारी द्यायचं. ते वेळेवर आणि बिनचूक झालं तर दर महिन्याला काम, नाहीतर दुसरं कोणी तयारच होतं.

मोठा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवावा लागला असता आणि कुंदाला आत एकटं टाकणं शक्य नव्हतं. शिवाय शुक्रवारी दिवसभर लाइट नसायची. हवा होता लॅपटॉप, आणि नवा तर परवडणारा नव्हता. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टेकचंद नावाचे एक सिंधी शेठ परदेशी ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून स्वस्तात विकतात, असं मला कळलं. मीच भावोजींना तिथे नेलं.

दुकान लहान, पण नीटनेटकं. टेकचंद साठीचे, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. त्यांनी एक करडा लॅपटॉप पुढे केला. भावोजींनी खिशातून वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. उजवी बाजू लगेच भरायला लागली. पडदा काळा-पांढरा. उजेडात अक्षरं फिकी. डावी बिजागरी सैल. खालून तापतो. बॅटरी दीड तास, पुढे कंसात "म्हणे". मागचं लेबल खरवडलेलं, पुढे नुसतंच प्रश्नचिन्ह.

"सेठजी, चोरी का तो नहीं ना?" भावोजींनी तोंडावर विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साईं, चोरी का होता तो रसीद क्यों देता?"

"रसीद भी नकली होती है."

डाव्या बाजूला दोनच ओळी होत्या. बटणं मऊ, वजन तीन किलो. मी म्हटलं, "अहो, फ्लॉपी चालते ते लिहा की."

"एकदा चालली. एकदा चालली म्हणजे चालते असं नाही."

टेकचंद हसले. "ऐसा करो, आठ दिन घर ले जाओ. बेटी काम करके देखे. पसंद आए तो पैसा देना."

झालं! रिक्षात बसल्यापासून भावोजींचं सुरू. "फुकट कोण देतं बाळ? यात काहीतरी गोम आहे."

गोम काही सापडली नाही. पद्मजा आईच्या पलंगाला पाठ टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि टकटक चालायची. शुक्रवारी लाइट गेली तेव्हा भावोजी घड्याळ घेऊन समोर बसले. एक तास चाळीस मिनिटं. पद्मजा त्या दिवशी खळखळून हसली, कुंदाही अर्ध्या ओठाने हसली. इतक्या महिन्यांनी त्या घरात हसू ऐकून मला भरून आलं. भावोजींनी डाव्या बाजूला बॅटरी लिहिली, पण पेन्सिलीने.

दोष एकच खुपत होता, ती सैल बिजागरी. पडदा हळूहळू मागे कलायचा. मी टेकचंदना फोन केला. ते म्हणाले, शनिवारी आणा, दिवसभर ठेवा, घट्ट करून देतो. पुस्तकाची बारा पानं राहिली होती. झालेली पानं पद्मजाने रोजच्या रोज फ्लॉपीवर घेतली होती. उरलेली रविवारी सहज झाली असती.

शनिवारी सकाळी दुकानात टेकचंदनी बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काही नाही.

भावोजी उसळले. "कल तक चालू था! आपने क्या किया?"

"मैंने तो अभी हाथ लगाया है." टेकचंदनी शांतपणे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

आत जिकडेतिकडे सत्तेचाळीस. प्रत्येक भागावर, सुबक अक्षरात. मुख्य हिरव्या बोर्डावर तर ठसठशीत, आणि त्या आकड्याखाली तांब्याच्या केसासारख्या रेघा कापल्या गेलेल्या. त्याच सकाळी निघण्याआधी पद्मजा औषधं आणायला गेली तेव्हा भावोजींनी लॅपटॉप उघडला होता, दुकानात पार्ट बदलले जाऊ नयेत म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

भावोजींचा चेहरा पांढरा पडला. मी बोलणार होतो, फार वाईट बोलणार होतो. पण टेकचंदनी हात वर केला.

"बेटी को बोलो, माल खराब निकला. मेरा नाम ले लो." मग कपाटातून एक जुनं, जाडजूड मशीन काढून त्यांनी पुढे सरकवलं. "सोमवार तक इस पे काम करे. बाप की इज्जत बेटी के सामने रहनी चाहिए."

रिक्षात भावोजींनी मला काय विचारावं? "बाळ, यात याचा काय फायदा असेल रे?" मला त्यांना चालत्या रिक्षातून खाली ढकलावंसं वाटत होतं.

घरी त्यांनी शेठनी सांगितलं होतं तेच सांगितलं. माल खराब निघाला. पद्मजा म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात, बाबा. मीच बावळट. लोकांवर विश्वास ठेवते." ते दुसरं मशीन तिने हाताने लांब सारलं. "हे पण नको. त्याच माणसाचं ना? याने फ्लॉपीच खराब केली तर? परत देऊन या. मी कंपनीला कळवते, नाही जमणार म्हणून."

बत्तीस वर्षांत भावोजींचा संशय इतक्या मुकाट्याने कोणीच मान्य केला नव्हता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते रडकुंडीला आले. पद्मजा फोनसाठी शेजारी जायला उठली आणि त्यांनी दारातच तिचा हात धरला.

"पद्मा, थांब. शेठनी काही केलेलं नाही. मी केलं." मग कोरणीपासून बोर्डापर्यंत सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाले तेही सांगितलं, एक अक्षर न गाळता. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार.

ती ओरडली नाही. आईजवळ जाऊन बसली, ते जाडजूड मशीन तिने पुढे ओढलं आणि विचारलं, "हे येताना कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या," भावोजी म्हणाले.

"उघडलंत?"

"नाही गं. शपथ. बाळला विचार, तो बरोबर होता."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मशीन मांडीवर उलटं केलं. खाली सहा स्क्रू होते. एकेकावरून अंगठा फिरवत तिने सहाही पाहिले, आणि मगच मशीन सुरू केलं.