पाण्यावर घालायचा ड्रेस

कंपनीचं पाकीट आलं त्या दिवशी आमचे हे भर सीझनमध्ये दुपारीच घरी आले. कळंबला रस्त्याच्या कडेला आमचं खता-बियाण्यांचं दुकान. सीझनमध्ये हे जेवायला घरी येत नाहीत, डबाच दुकानात जातो. त्यामुळे दारात यांना पाहून आधी मला वाटलं, काहीतरी वाईट घडलं.

"पासपोर्टचे फोटो काढायचेत, चल," हे म्हणाले. "फवारणीच्या औषधाच्या स्कीममधी आपला नंबर लागला. सिंगापूर, आणि तिथनं तीन रात्री जहाजावर. जोडीनं."

माझी बोलतीच बंद झाली. घरच्यांना वाटलं, आनंदानं. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पाकिटात सूचनांचा एक छापील कागद होता. तो यांनी ओसरीवर बसून पोरांसकट सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. माणशी एकच बॅग, पंधरा किलोच्या आत. पायात सपाट चप्पल, कारण डेक निसरडा असतो. एसीत गारठा असतो, म्हणून अंगावर घ्यायला काहीतरी. एका संध्याकाळी भारीतले कपडे. शेवटी पोहण्याचा पोशाख. तिथं हे थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. "हिला काय करायचाय? ही पन्हाळीचं पाणी अंगणात साचलं तरी कडंकडंनं जाती."

सगळे हसले. मीही हसले. मी पाण्याला भिते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. का भिते, हे कुणालाच माहीत नव्हतं. यांनाही नाही.

मी बारा वर्षांची होते. निमगाव सावाला माझी मावशी दिलेली होती, पंचविशीची असेल, आणि मी तिच्याकडे राहायला गेले होते. भाद्रपद होता, विहीर काठोकाठ भरली होती. मावशी पायऱ्यांवर कळशी बुडवत होती. कळशी हातातून सुटली, ती धरायला मावशी वाकली आणि पाण्यात गेली.

मी हसले. कारण मावशीला पोहता येत होतं. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून ती शिकली होती, आणि माहेरच्या विहिरीत काठावरून उड्या मारायची, असं आई सांगायची. मला वाटलं, आता ती सूर मारून दाखवणार. तिची साडी आधी फुगून वर आली आणि मग पायांना गुंडाळली. तिनं दोनदा पाय मारले. मी तेव्हा ओरडले. पलीकडच्या कांद्याच्या वावरातून गडीमाणसं धावत आली, आणि ती माणसं काठावर दिसताच मावशीचा हात वर आला. मला वाटलं, पायरी धरणार. पायरी हातभर अंतरावर होती. तिनं हातानं डोक्यावरचा पदर सावरला.

मग ती खाली गेली.

"पवायला येत व्हतं राव," बाहेर काढल्यावर त्यातला एक जण म्हणत होता. "साडीनं पाय बांधलं." बाकीचेही तेच म्हणाले. पदराचं फक्त मी पाहिलं होतं.

तेव्हापासून पाण्याजवळ गेलं की माझं लक्ष आधी अंगावरच्या कपड्याकडे जातं. कालव्याच्या पुलावरून जाताना मी निऱ्या मुठीत धरते. आता हे मला दहा मजली जहाजावर नेणार होते, खाली नुसता समुद्र. त्यात मी जाणार होते ती सहा वार कापड अंगाला गुंडाळून. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, पायांना गुंडाळलेली साडी. मला ड्रेस पाहिजे होता. साधा पंजाबी ड्रेस, पाय मोकळे राहतील असा. मंचरला कॉलेजात जाताना मी तोच तर घालत होते.

पण आमच्या घरात सुना ड्रेस घालत नसत. तसं कुणी कधी बोललं नव्हतं, बोलायची गरजच नव्हती. लग्नानंतर माझे चारही ड्रेस धाकट्या बहिणीला गेले होते. आणि सहलीला माझे थोरले चुलत दीर आणि जाऊबाईही येणार होत्या, त्यांचंही खताचं दुकान. दिरांसमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. सासूबाईंना विचारायचं म्हणजे कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर विहिरीपाशी जावं लागणार. त्यापेक्षा चोरी बरी वाटली.

ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून मी मंचरला गेले आणि गर्द हिरव्या कापडाचा ड्रेस शिवायला टाकला. शिंप्यानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. घरी आल्यावर मी ते पुडकं न उघडताच गव्हाच्या कोठीमागे सरकवलं. आठवडाभर घरात कुणी कोठीकडे गेलं की माझ्या हातातलं काम थांबायचं. एकदा सासूबाई दळणाला गहू काढायला गेल्या, तर इकडे माझी भाजी करपली.

जायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरली. पाच साड्या, एक स्वेटर, आणि सगळ्यात खाली पुडकं. पण बॅग भरली म्हणजे झालं, असं आमच्याकडे नसतं. घरातून कुणीही परगावी निघालं, अगदी पुण्याला दोन दिवस जरी निघालं, तरी सासूबाई बॅगेच्या तळाशी खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी ठेवतात. वर नाही, तळाशीच. मला हे आठवलं तेव्हा त्या पुडी घेऊन खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"मी ठेवते, आत्या," मी हात पुढे केला.

"तू च्या ठेव," त्या म्हणाल्या आणि बॅगेजवळ खाली बसल्या.

मी गॅसपुढे उभी राहिले. स्वयंपाकघरातून खोली दिसत नाही, नुसता आवाज येतो. साड्या बाहेर काढल्याचा आवाज आला. मग वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. आता हाक येईल. आता यांना बोलावतील. माहेरी फोन जाईल, ही तुमची लेक जहाजावर काय घालून मिरवणार होती ते बघा म्हणून.

हाक आली नाही. मी कपबशी घेऊन गेले तेव्हा बॅगेची चेन लागलेली होती.

"लई जड व्हती," सासूबाई म्हणाल्या. "दोन साड्या काढल्यात. कागदाव लिव्हलंय न्हवं, सामान कमी न्या." त्यांनी चहा बशीत ओतला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

साड्या काढल्या हे त्यांनी सांगितलं. ड्रेसचं काय केलं, ते सांगितलं नाही. त्या समोर असेपर्यंत मी बॅगेला हात लावू शकले नाही, आणि त्या निघेपर्यंत समोरच होत्या. वाटेतही बॅग उघडायची वेळ आली नाही. विमानात ती खाली गेली, सिंगापूरला उतरल्यावर बसमधून थेट बंदरावर, आणि तिथून सामान परस्पर जहाजात. जाऊबाई सारख्या बोलत होत्या. त्यांनी तीस भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि साड्यांचा अख्खा ठेवणीतला गठ्ठा आणला होता, आणि जादा वजनाचं यांनाच निस्तरायला लावलं होतं. मी हूं हूं करत होते. माझ्या मनात एवढंच चाललं होतं, की ड्रेस कोठीमागे परत गेला असणार आणि मी साडीतच त्या पाण्यावर चालले आहे.

खोलीत पोचून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच मोठा भोंगा वाजला. सात वेळा लहान, एकदा लांबलचक. मी कॉटची कड घट्ट धरली. हे म्हणाले, काही नाही गं, सरावाचा आहे, कागदावर लिहिलं होतं. आम्ही कपाटातली नारिंगी लाइफ जॅकेटं घेतली आणि लोकांमागोमाग डेकवर गेलो. तिथं आम्हाला रांगेत उभं केलं. कठड्याच्या फटीतून खाली पाणी दिसत होतं, काळपट हिरवं. भाद्रपदातल्या विहिरीचा रंग तसाच होता.

मी जॅकेट डोक्यातून घातलं. त्याबरोबर पदर खांद्यावर घसरला आणि जॅकेटखाली अडकला. समोरच्या रांगेत, अगदी चार हातांवर, थोरले दीर उभे होते. भोंगा पुन्हा वाजला. सगळे कमरेचा पट्टा आवळत होते. माझा पट्टा लोंबत होता, आणि माझे दोन्ही हात जॅकेटखालून पदर ओढत होते.

ते मी पाहिलं. माझेच हात, पण मला ते लांबून दिसल्यासारखे दिसले. पट्टा सोडून पदर. मला मावशीचा हात दिसला, तसाच बोटं जुळवलेला. मी इतकी कधीच घाबरले नव्हते, विहिरीच्या काठावरसुद्धा नाही. जहाजावरची एक परकी मुलगी आली, तिनं काही न बोलता माझे हात धरून खाली केले आणि खटकन पट्टा लावून दिला.

खोलीत परतलो तर बॅग दारात येऊन पडली होती. मी खाली बसून चेन ओढली. तीन साड्या. स्वेटर. त्याखाली वर्तमानपत्र नव्हतं. नीट घडी घातलेला हिरवा ड्रेस होता.

मी तो उलगडला आणि तेव्हा माझी चूक लक्षात आली. शिंपी नाडी घालून देत नाही, हे मी आठ वर्षांत साफ विसरले होते. पुडकं उघडूनच पाहिलं नव्हतं, तर कळणार कसं? पण सलवारीच्या नेफ्यात नाडी होती. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, सासूबाईंच्या परकराची असते तशी लाल काठाची. ती दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवलेली होती, आत ओढली जाऊ नये म्हणून. ओढणीच्या कोपऱ्यात भंडाऱ्याची पुडी बांधलेली होती.

मी तिथंच, जमिनीवर बसून रडले. यांना वाटलं, बोट लागली.

संध्याकाळी मी ड्रेस घालून जेवायला गेले. पाय मोकळे होते. थोरल्या दिरांनी एकदा पाहिलं आणि ताटात मान घातली. जाऊबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आत्यांना ठावं हाय का?"

"त्यांनीच नाडी घातलीय," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतली भाकरी काढून मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच विचारत होत्या, दुसरा हाय का गं एखादा म्हणून. मी तीन दिवस तो ड्रेस अंगावरून काढला नाही, झोपतानासुद्धा. भीती गेली नव्हती. जहाज हललं की मी भिंतीला हात लावत होते. पण दुसरा हात मोकळा ठेवायचा, एवढं मी शिकले.

घरी आल्यावर मी ड्रेस धुतला आणि आतल्या खोलीत दारावर वाळत घालायला निघाले. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, बाहेर नेला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस पाहील, असा.

"आत्या," मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्या सलवारीच्या सुरकुत्या झटकत होत्या. "तुझ्या धाकट्याच्या बाळंतपणात मी तुझ्यापाशी निजायची. तू झोपंत बोलतीस. रोज कुणाला तरी सांगायचीस, साडी सोड, साडी सोड. तवा न्हाई कळलं मला. बॅगंत हे घावलं तवा कळलं." त्यांनी नाडीचं टोक सरळ केलं. "कोण व्हती ती?"

सोळा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले. "मी काठावरच होते, आत्या. ती पाण्यात पडली, आणि मी हसले."