प्रोद्रोमोसचा सरकारमान्य खड्डा

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार. ऊन चांगलं. पालक-चीज भरलेली पोळी भाजली. प्रोद्रोमोसच्या परवानगीचा शेवटचा दिवस. खड्डा तीन मीटर. सोन्याचा पत्ता नाही.

एवढं लिहून एवान्थियाबाईंनी वही मिटली आणि धाकट्या भावाचं, प्रोद्रोमोसचं, जेवण घेऊन त्या तंबाखूच्या शेताकडे निघाल्या.

ग्रीसमधल्या द्रामा शहराजवळच्या त्या गावात सोनं शोधणारे पुष्कळ होते. तुर्की जमीनदार पळताना सोन्याच्या लिरांचा, म्हणजे नाण्यांचा, हंडा पुरून गेला, हे प्रत्येकाला आजोबांनी सांगितलेलं. सगळे चोरून खणायचे. प्रोद्रोमोस एकटाच नऊ वर्षं रीतसर अर्ज करत राहिला. अखेर पंधरा दिवस मिळाले, तेही एक पोलीस आणि पुरातत्त्वखात्याची एक मुलगी समोर बसवून. अट एकच: प्राचीन काही निघालं की परवानगी तिथंच संपली.

"काय प्रोद्रोमोसकाका, पाणी लागलं का?" बांधावरून शेजारी स्ताव्रिस ओरडला. "सोनं राहू दे, विहीर तरी होईल!"

"तुला पाजीन हो पहिला पेला!"

बाई खड्ड्याशी पोचल्या तेव्हा पोलीस झाडाखाली घोरत होता. खात्याची काल्लिरोई झऱ्यावर हात धुवायला गेली होती. खाली प्रोद्रोमोस गुडघ्यांवर बसून हातानं माती सारत होता. मातीतून एका मुलीचा संगमरवरी चेहरा वर आला होता.

"ताई, खालून पोकळ वाजतंय गं," तो कुजबुजला.

स्ताव्रिसही काठावर आला होता. "दगड बाजूला सार, काका! कोण बघतंय? दहा मिनिटांचं काम!"

प्रोद्रोमोसनं पहार उचलली. नऊ वर्षं त्या पहारीत होती. दगड हलवायचा म्हटला तर पहार त्या मुलीच्या नाकावरच बसणार होती. त्यानं पहार हळूच बाजूला ठेवली, बोटानं नाकावरची माती पुसली आणि हाक मारली,

"काल्लिरोई! ये पोरी, तुझं काम निघालंय. माझं संपलं."

ती धावत आली, खाली उतरली आणि बघतच राहिली. मग अवघडून म्हणाली, "काका, आता मला थांबवावंच लागेल. खाली काय आहे ते कदाचित..."

"ठाऊक आहे. सही कुठं करू?"

"वेडा रे वेडा!" स्ताव्रिस कपाळावर हात मारत निघून गेला.

प्रोद्रोमोसनं सही केली, परवानगीचा कागद जाग्या झालेल्या पोलिसाच्या हाती दिला. "तिला वर काढायला दोर लावताना गोणपाट घाला," एवढंच त्यानं बजावलं. मग खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला आणि पोळी पुरती खाल्ली. पुन्हा अर्ज करणार का, हे बाईंनी विचारलं नाही. भावाचा एवढा अभिमान त्यांना आयुष्यात वाटला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी वहीत एवढंच लिहिलं: मसूर शिजवले. दोघांना पुरून वाटीभर उरले.