जाळी, ताट, पडदा

वर्षभर मी एका चिठ्ठीचा चुकीचा अर्थ लावत होते.

माझे मिस्टर, विलास, जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून रडायची तयारी ठेवली होती. आणि आत्ता हे टाइप करतेय ते आनंदाने!

इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगच्या आमच्या घरामागे शेड आहे. तिथे यांचा हॅम रेडिओ, हौसेने जगभर गप्पा मारायचा. शेवटची दोन वर्षं, आवाज लांबवर स्पष्ट पोचावा म्हणून एक अ‍ॅम्प्लिफायर बांधत होते. तो एकदाही सुरू न करता गेले.

शेडच्या भिंतीवर यांच्या अक्षरात चिठ्ठी होती:

"आधी जाळी. मग ताट. पडदा सगळ्यात शेवटी. विसरू नये!"

मला वाटलं, माझीच कटकट लिहून ठेवलीय.

दुधावर जाळी ठेवा. ताट वाढलंय, या. दिवे लागले, पडदे ओढा. रोज याच तीन गोष्टींवरून मी ओरडायचे हो.

माणूस गेल्यावर ते असं भिंतीवर वाचायचं म्हणजे... शेडमध्ये गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे.

तिथेच बसून यांची पुस्तकं वाचली, डिक्शनरी शेजारी घेऊन. अ‍ॅम्प्लिफायरचा जीव म्हणजे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचा तसला. त्याला ग्रिड असते, स्क्रीन असते, प्लेट असते. आपण बोलताना आवाज चढतो-उतरतो, तसा स्क्रीनचा करंट बदलतो, कधी चक्क उलटा वाहतो. तरी तिचं व्होल्टेज जागचं हलता कामा नये. ते धरून ठेवतो तो रेग्युलेटर. यांची दोन वर्षं त्यातच गेली.

आज यांच्या रेडिओ क्लबमधले डेरेक तो अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायला आले. "घरी बांधलेला रेग्युलेटर आहे, नाही चालला तर मन खट्टू करून घेऊ नकोस," म्हणाले. व्हॉल्व्ह एकच. तो गेला की संपलं.

मीटर लावून सगळं तपासलं. मग समोर तीन स्विच. खाली लेबलं मराठीत.

डेरेकचं बोट डावीकडच्या पहिल्या स्विचवर.

"व्हॉट डझ इट से, लव्ह?"

"पडदा. कर्टन."

"कर्टन?" हसायलाच लागले. "अँड दिस वन?"

"जाळी. मेश. आणि ते ताट. डिनर प्लेट."

डेरेकचं हसू थांबलं. बोट हळूच मागे घेतलं.

"मेश इज ग्रिड. कर्टन इज स्क्रीन. ही ट्रान्सलेटेड द ब्लडी लॉट!" म्हणजे यांनी सगळ्या भागांची नावंच मराठीत केली होती.

प्लेटच्या आधी स्क्रीन सुरू केली असती, तर सगळा करंट तिनेच ओढला असता. व्हॉल्व्ह खलास.

मी हे सगळं इंग्लिश पुस्तकांतून शिकले ना, म्हणून यांची मराठी कळली नाही!

"चिठ्ठी आहे," मी ओरडले. "आधी जाळी!"

जाळी.

ताट.

पडदा.

डेरेक माइकवर बोलायला लागले. मी फक्त स्क्रीनच्या व्होल्टेजच्या मीटरकडे बघत होते. साडेतीनशे. आवाज चढला, साडेतीनशे. उतरला, साडेतीनशे.

काटा हलला नाही हो!

"रॉक स्टेडी," डेरेक म्हणाले. आणि चष्मा पुसत बसले.

मग पुण्याहून उत्तर आलं. यांचा कॉलेजचा मित्र नंदू. यांच्या छोट्या सेटवरून त्याला नेहमी अर्धंच ऐकू जायचं.

डेरेकने सांगितलं, हा विलासचा अ‍ॅम्प्लिफायर आहे.

 मग नंदू मराठीत म्हणाला, "वहिनी, तिथे असाल तर ऐका. शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं येतंय. जमलं की हो गाढवाला!"

जमलं.

चिठ्ठी तिथेच राहणार आहे. आता मी तिच्यासमोर बसते.

अहो, कटकट नव्हती ना ती. एवढं आधी सांगायचं होतंत.

ताट वाढलंय. पडदेही ओढलेत.

आता निवांत असा. नमस्कार करते.